वितक्कसण्ठान सुत्त : दमनाचे स्थान शेवटचे

नको असलेले विचार मनात वारंवार उद्भवतात. त्यांचे काय करावे? मज्झिमनिकायातील एकोणिसावे द्वेधावितक्क सुत्त आणि विसावे वितक्कसण्ठान सुत्त या प्रश्नाचा विचार करतात. दोन्ही सुत्ते श्रावस्तीच्या जेतवनातील आहेत.

पहिल्या सुत्तात तथागत बोधीपूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगतात. त्यांनी आपल्या विचारांचे दोन भाग केले : काम, व्यापाद व विहिंसा एकीकडे; नैष्क्रम्य, अव्यापाद व अविहिंसा दुसरीकडे. ज्या विचाराचे मनुष्य सतत चिंतन करतो, त्याच्याकडेच त्याचे चित्त झुकते, हा त्यातील सिद्धांत होय. विचार हे प्राक्तन नसून ती एक सवय आहे, असा याचा अर्थ होतो; आणि सवय बदलता येते.

ती कशी बदलावी, याचे पाच उपाय दुसऱ्या सुत्तात आहेत. सुतार बारीक मेख ठोकून जाड मेख बाहेर काढतो, त्याप्रमाणे अकुशल विचाराच्या जागी कुशल विचार आणावा, हा पहिला. तेवढ्याने न भागल्यास त्या विचाराचे दोष, म्हणजे आदीनव, पाहावेत. नटण्याची आवड असलेल्या तरुणाला गळ्यात अडकविलेल्या मृत सापाची जशी किळस येते, तशी त्याची किळस यावी. तिसरा उपाय, डोळे मिटावेत त्याप्रमाणे त्याकडे लक्षच न देणे. चौथा, भरभर चालणारा हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, त्या क्रमाने विचाराच्या घडणीचा वेग शांत करणे. आणि या चारहींनी काम न झाल्यास पाचवा : दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, चित्ताने चित्ताचे दमन करणे.

हा पाचवा उपाय इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. महासच्चक सुत्तात तथागत सच्चक निगंठपुत्ताला आपल्या तपश्चर्येची हकिकत सांगतात. तेथे दात आवळून चित्त दडपण्याचा हाच प्रयोग, बलवान पुरुषाने दुर्बलाला धरून दाबण्याच्या त्याच उपमेसह, प्रारंभी येतो. त्याने वीर्य जागृत झाले, परंतु शरीर क्षुब्ध झाले, शांत झाले नाही. तपस्व्याने जेथून आरंभ केला, ते साधन बुद्धाच्या उपदेशात अखेरचे ठरले. त्याचा त्याग झालेला नाही. मात्र त्याची जागा बदलली आहे. हा क्रम केवळ पाली परंपरेचा नव्हे. इ. स. ३९७-३९८ मध्ये संघदेवाने चिनी भाषेत अनुवादिलेल्या मध्यम आगमातील समांतर सुत्तातही सुताराची उपमा प्रथम, तर दमन पाचवे आहे. स्वतंत्रपणे जतन झालेल्या दोन परंपरा एकच क्रम देतात, तेव्हा तो क्रम प्राचीन मानणे युक्त ठरते.

येथे एक आक्षेप संभवतो. पिढ्यान्‌पिढ्या अन्याय सोसलेल्या समाजाला ‘मनातील विचार आवरा’ असे सांगणे म्हणजे अन्याय विसरावयास सांगणे नव्हे काय? सुत्ताचे उत्तर त्याच्या व्याख्येत आहे. छंद (आसक्ती), द्वेष आणि मोह यांनी युक्त विचारच त्याने त्याज्य ठरविले आहेत. अन्यायाची जाणीव आणि तो नष्ट करण्याचा संकल्प त्यांत येत नाहीत. सूडाची भावना मात्र येते. आणि ‘आपण जन्मानेच हीन आहोत’ हा लादलेला समजही येतो, कारण तो मोहच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत जुन्या श्रद्धांचा त्याग आहे, तसाच समतेचा, करुणेचा आणि पंचशीलाचा स्वीकारही आहे. जुनी मेख नुसती उपटली, तर तेथे पोकळी राहते. तिच्या जागी नवी मेख बसवावी लागते. सुत्तातील सुताराची रीत समाजाच्या चित्ताला लावली असता ती कशी दिसेल, याचे हे उदाहरण मानावयास हरकत नाही. प्रतिज्ञा एकदा उच्चारल्या जातात. त्यांतील विचाराचे चिंतन मात्र नित्य करावयाचे असते. चित्त त्याच दिशेने झुकू लागेल, तेव्हाच दीक्षा पूर्णत्वास जाईल.