भोक पडलेली पेशवाई

आमच्या घराण्यात पेशवाईतलं काय उरलं आहे, असं कुणी विचारलं तर पित्त आणि एक रुपया, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल. पित्ताबद्दल वाद नाही. रुपयाबद्दल आप्पाकाकांचं म्हणणं असं, की आमच्या मूळपुरुषानं तो पर्वतीच्या रमण्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या श्रावणी दक्षिणेत मिळवला. ही हकिगत मी मुंजीपासून ऐकतो आहे. दर वेळी मूळपुरुषाची विद्वत्ता थोडी वाढते, रुपया मात्र एकच राहतो.

गेल्या दिवाळीत काकांनी तो माझ्या हातावर ठेवला. "शहाऐंशी संपली. आता तू सांभाळ. आणि खरा की खोटा, किंमत काय, ते एकदा कुणा जाणत्याला दाखव."

रुपया कसला, अवशेषच तो! काळाठिक्कर रंग, काठावर दोन चरे, अर्धवट कापल्यासारखी अक्षरं, आणि वरच्या अंगाला पणजीनं गळ्यात ओवण्यासाठी पाडून घेतलेलं भोक. मी आधी तो फरशीवर टाकून पाहिला. खणखणीत नाणं वगैरे आपण बोलतो ना, तशी अपेक्षा होती. आवाज आला बद्द. मग निदान उजळ तरी दिसावा म्हणून चिंच घेऊन बसलो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ जुनी नाणी जमवतात. त्यांनी रुपया हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "घासलात?" डॉक्टर "घरगुती औषध दिलंत?" असं विचारतात, त्याच सुरात.

"एकाच कडेला," मी म्हणालो.

"तेवढी किंमत गेली. काळेपणा हे नाण्याचं वय असतं. आणि वाजत नाही म्हणून घाबरू नका. भोक पडलेलं नाणं वाजणार कसं?"

त्यांनी बारीक तराजू काढला. वजन अकरा ग्रॅमला जरा कमी भरलं. भोकात गेलेली चांदी धरली तर बरोबर, म्हणाले. मग रुपया दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलला. शुद्ध चांदी पाण्याच्या साडेदहा पट जड, आणि थोडं तांबं मिसळलेली त्याहून किंचित कमी. जर्मन सिल्व्हर नऊ पटीपर्यंतही पोचत नाही. आमचा दहाच्या वर गेला. इयत्ता चौथीत गणितात पास झालो तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

चऱ्यांचा तर मला अभिमानच वाटू लागला. वरून चांदी आणि आत तांबं असली लबाडी पूर्वीही चाले, म्हणून सराफ नाण्याला टोचून किंवा चरा पाडून आत डोकावत. म्हणजे आमचा रुपया दोनदा परीक्षेला बसून उतरला होता. अक्षरं तुटकी, कारण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान; सगळा मजकूर मावायचाच नाही. जन्मजात व्यंग, अपघात नव्हे.

अक्षरं फारसी होती. त्यांत नाव निघालं बादशहा शाहआलमचं! मी हिरमुसलो. त्यावर ते म्हणाले, "अहो, हा अंकुश पाहिलात? पुण्याचा अंकुशी रुपया आहे. मराठे रुपये पाडत ते दिल्लीच्या बादशहाच्याच नावानं. बादशहा महादजी शिंद्यांच्या आसऱ्याला होता खरा, पण बाजारात नाव त्याचं चाले."

मग त्यांनी भिंग लावलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. "सन आहे. फसली बाराशे तीस... पुढचा आकडा तुमच्या पणजीच्या भोकात गेला."

फसली सनात ५९० मिळवायचे. म्हणजे १८२०. गेलेल्या आकड्याच्या जागी शून्यापासून नवापर्यंत काहीही घाला, १८२९ च्या पुढे जात नाही आणि १८२० च्या मागे येत नाही. बाजीराव १८१८ च्या जून महिन्यात माल्कमच्या हवाली झाला होता. लोकांचा विश्वास अंकुशावर, म्हणून इंग्रजांनी पुण्याची टांकसाळ तशीच चालू ठेवली. १८३५ साली कंपनीचा सगळीकडे एकच रुपया आला, तेव्हा कुठे असल्या रुपयांचे दिवस भरले.

"आणि दक्षिणा?" मी शेवटची काडी धरली.

"तीही कंपनीनं काही काळ चालू ठेवली होती. कमी करून."

म्हणजे मूळपुरुषानं दक्षिणा घेतलीच असली, तर ती टोपीवाल्याकडून! किंमत विचारली. भोकामुळे आणि चिंचेमुळे संग्राहक चांदीच्या भावाहून फारसं जास्त देणार नाही, म्हणाले.

रात्री काका जागेच होते. "काय रे, खरा निघाला ना?"

"अगदी खरा, काका. पुण्याच्या टांकसाळीतलाच. चांदीही उत्तम."

"मी सांगत नव्हतो?" काका उशीला टेकले. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, "आणि सन? सन काय निघाला?"

"भोकात गेला," मी म्हणालो.

"तुझी पणजी!" काका म्हणाले, आणि रुपया मागून घेऊन पुन्हा उशाखाली ठेवला.