संकेतस्थळ : संगणक व बांधणी-साधनांची निवड

संकेतस्थळ उभारायचे म्हणजे चार गोष्टी निवडायच्या : कामाचा संगणक, पाने बांधण्याचे साधन, ती जिथे ठेवायची ती होस्टिंगची जागा आणि पत्ता म्हणजे डोमेन. शाळा, लहान दुकाने, मासिके व प्रकाशक यांचा बराचसा विचार आणि पैसा पहिल्या गोष्टीवर खर्च होतो. नुकसान मात्र उरलेल्या तिन्हींत होते.

संगणक : संकेतस्थळासाठी दणकट यंत्र लागत नाही. आजची बहुतेक साधने ब्राउझरमध्ये चालतात आणि जड काम दूरच्या सर्व्हरवर होते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप पुरतो. छायाचित्रांचे व व्हिडिओचे संपादन रोजचे असेल, तर १६ जीबी घ्यावी. दुकानात प्रोसेसरच्या नावावर घासाघीस चालते, पण जुन्या यंत्रातली फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की जो फरक पडतो, तो प्रोसेसरची एक पिढी वर सरकून पडत नाही. वापरलेला लॅपटॉप घेताना एक गोष्ट आधी पाहावी. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती नसलेल्या यंत्रावर लिनक्स मिंट टाकून संकेतस्थळाचे काम उत्तम चालते. मात्र कार्यालयातले जुने मराठी डीटीपी सॉफ्टवेअर विंडोजवरचेच असेल, तर हा मार्ग बंद समजावा.

मराठी मजकूर : मराठी स्थळाची खरी अडचण इथे असते. देवनागरी १९९१पासून युनिकोडमध्ये आहे, तरी छापखान्यांत त्यानंतरही अनेक वर्षे जुन्या पद्धतीचे फाँट चालले. त्या फाइलींत मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. असा दिवाळी अंकातला लेख उचलून संकेतस्थळावर चिकटवला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड काला उमटतो. शोधयंत्राला तो वाचता येत नाही आणि अंध वाचकाच्या पडदा-वाचकालाही नाही. म्हणून कोणतेही साधन घेण्यापूर्वी जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर माणसाकडून वाचून घ्यावा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात हमखास घसरतात.

साधनाची परीक्षा घ्यायला ‘दऱ्या’ हा एक शब्द पुरतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. त्याला हलन्त आणि ‘य’ जोडले की दऱ्या होतात. मोबाइलवर आणि संगणकावर तो नीट दिसला, स्थळाच्या शोधचौकटीत सापडला आणि मथळ्याच्या शोभिवंत फाँटमध्येही त्याचा ‘दर्या’ झाला नाही, तर साधन मराठीला चालेल. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवता येते का, हेही पाहावे. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे त्या नोंदीवरच अवलंबून असतात. ती नसली तर हिंदी वळणे येतात.

बांधणी-साधने : साधन निवडताना आत शिरणे किती सोपे हे सगळे पाहतात, बाहेर पडता येते का, हे पाहायला हवे. संकेतस्थळांचा इतिहास बंद पडलेल्या साधनांनी भरलेला आहे. १९९४मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर लाखो लोकांनी घरगुती पाने बांधली; याहूने १९९९मध्ये ती सेवा विकत घेतली आणि २००९मध्ये अमेरिकेतली बंद केली. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज २००६मध्ये थांबले. ॲपलचे आयवेब २००६मध्ये आले, आणि त्याची पाने जिथे राहत ती मोबाइलमी सेवा २०१२मध्ये मिटली. दुकानदारांना गूगलने व्यवसाय-नोंदीबरोबर दिलेली फुकट संकेतस्थळे मार्च २०२४मध्ये बंद झाली. यांतली कुठलीही कंपनी लहान नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या कसोटीवर वर्डप्रेस बरे उतरते. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३मध्ये सुरू केलेली ही मुक्त आज्ञावली कोणत्याही साध्या होस्टिंगवर चालते, सगळा मजकूर एका फाइलीत बाहेर काढता येतो आणि होस्टिंगवाला पसंत नसेल, तर बिऱ्हाड हलवता येते. त्याचा त्रासही तेवढाच खरा आहे. अद्ययावत न केलेल्या प्लगइनमधून घुसखोरी होते आणि शाळेच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. दर महिन्याला लक्ष घालणारे कोणी नसेल, तर वर्डप्रेस घेऊ नये.

विक्स २००६पासून आहे. ओढा आणि सोडा पद्धतीने एका दिवसात देखणे पान उभे राहते, निगाही कंपनीच ठेवते. पण तिथे बांधलेले स्थळ उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. गावातल्या खाणावळीला किंवा एका प्रदर्शनाला हे चालेल. वीस वर्षांचे अंक ठेवू पाहणाऱ्या मासिकाला चालणार नाही. हौशी लेखकाला गूगलचे ब्लॉगर अजूनही पुरते, कारण ते फुकट आहे आणि नोंदी उतरवून घेता येतात. वर्षातून एकदाच माहिती बदलणाऱ्या मंडळाने ह्यूगो किंवा जेकिलसारख्या साधनाने केलेली साधी स्थिर पाने ठेवावीत. त्यांना डेटाबेस नसतो, त्यामुळे फोडण्यासारखेही फारसे काही नसते. शिकायला मात्र एखादा जाणता विद्यार्थी हाताशी हवा.

कोणत्याही साधनात केलेले पान शेवटी स्वस्त मोबाइलवर, कमी रेंजमध्ये उघडून पाहावे. विक्रेत्याच्या मोठ्या पडद्यावरचा नमुना या बाबतीत काहीच सांगत नाही.

होस्टिंग व पत्ता : होस्टिंगमध्ये पहिल्या वर्षाची सवलत पाहू नये, नूतनीकरणाचा दर विचारावा. साध्या स्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागितले, तर का ते विचारावे. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे २०१५च्या अखेरीपासून सर्वांना फुकट मिळतात. बॅकअपची एक प्रत होस्टिंगबाहेर, आपल्या डिस्कवर असावी.

देवनागरीतले .भारत डोमेन ऑगस्ट २०१४पासून मिळते. ते जरूर घ्यावे, पण जोडीला रोमन पत्ताही ठेवावा, कारण देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अनेक अर्ज आणि नोंदणी-पाने अजून स्वीकारत नाहीत. पत्ता संस्थेच्या नावावर, संस्थेच्याच ईमेलने नोंदवावा. स्थळ बांधून देणारे पुष्कळदा तो स्वतःच्या खात्यावर घेतात आणि भांडण झाले की स्थळासकट नावही त्यांच्या हाती राहते. नोंदणीचा पासवर्ड आणि मुदत संपण्याची तारीख एकाच उत्साही सभासदाच्या मोबाइलमध्ये न ठेवता संस्थेच्या दप्तरी लिहून ठेवावी.