परंपरा (आद्य ख्रिस्ती धर्म)

आद्य ख्रिस्ती धर्मात परंपरा ही संज्ञा येशूच्या प्रेषितांनी मंडळ्यांकडे सोपवलेल्या शिकवणुकीसाठी, तसेच ती सोपवण्याच्या क्रियेसाठी वापरली जात असे. जुनी चालरीत एवढाच तिचा अर्थ नव्हता. पवित्र शास्त्राचा खरा अर्थ कोणता आणि तो सांगण्याचा अधिकार कोणाचा, या पहिल्या पाच शतकांतील वादांतून या संज्ञेला निश्चित रूप आले.

व्युत्पत्ती

ग्रीक 'पॅराडोसिस' व लॅटिन 'त्रादितिओ' या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ 'हाती देणे' असा आहे. त्यांतील 'देणे' या अर्थाचा धातू संस्कृत 'दा' धातूचा सगोत्र आहे. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'परंपरा' या शब्दापेक्षा 'संप्रदाय' (सम् + प्र + दा) हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो; मात्र आजच्या मराठीत 'संप्रदाय' म्हटले की प्रथम पंथ डोळ्यांसमोर येतो. यहूदाने येशूला धरून दिले, हे सांगतानाही शुभवर्तमानांत हेच ग्रीक क्रियापद येते.

नवा करार

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल प्रभुभोजनाविषयी (अध्याय ११) आणि पुनरुत्थानाविषयी (अध्याय १५) सांगताना, आपल्याला जे मिळाले तेच आपण पुढे दिले, असे म्हणतो. 'मिळणे' आणि 'पुढे देणे' ही जोडी यहुदी गुरुशिष्यांच्या अध्यापनपद्धतीत रूढ होती. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोंडी व लेखी अशी दोन्ही शिकवण धरून ठेवण्यास सांगितले आहे. याउलट मार्कच्या शुभवर्तमानात (अध्याय ७) माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा बाजूला सारल्याबद्दल येशू परूश्यांना दोष देतो. परंपरेचा आधार आणि परंपरेवरील टीका, दोन्ही एकाच ग्रंथसंग्रहात आहेत.

इरेनियस आणि गुप्त ज्ञानाचा वाद

दुसऱ्या शतकात नॉस्टिक पंथांनी असा दावा केला की, प्रेषितांनी खरे ज्ञान निवडक शिष्यांनाच गुप्तपणे दिले होते. हा दावा पुराव्याने खोडणे अवघड होते, कारण नॉस्टिकही प्रेषितांचेच नाव घेत व तीच शास्त्रवचने वेगळ्या अर्थाने वापरत. गॉलमधील ल्यों येथील बिशप इरेनियस याने इ.स. १८० च्या सुमारास 'पाखंडांविरुद्ध' या ग्रंथात त्याला उत्तर दिले. त्याच्या मते प्रेषितांना काही गूढ ठाऊक असते, तर ज्यांच्या हाती त्यांनी मंडळ्या सोपवल्या त्यांनाच ते आधी सांगितले असते. म्हणून खरी परंपरा उघड असते आणि कोणत्याही मंडळीत जाऊन ती पडताळता येते. उदाहरणादाखल त्याने लिनसपासून एल्यूथेरसपर्यंतच्या रोमच्या बारा बिशपांची यादी दिली. आपण बालपणी स्मर्ना येथील पॉलिकार्पला ऐकले होते आणि पॉलिकार्पने प्रेषितांना पाहिले होते, हेही तो सांगतो. त्याच्यापुरती ही साखळी अवघ्या दोन कड्यांची होती. कागद-शाई नसलेल्या लोकांपर्यंतही हीच श्रद्धा पोहोचली आहे, हे त्याचे निरीक्षण विशेष महत्त्वाचे आहे.

परंपरांमधील संघर्ष

दोन्ही बाजू जुन्या परंपरेचाच हवाला देऊ लागल्या, तेव्हा मात्र इरेनियसची कसोटी अपुरी पडली. आशिया प्रांतातील मंडळ्या निसान महिन्याच्या चौदाव्या तारखेला पास्खा पाळत, तर रोममध्ये तो रविवारीच पाळला जाई. इ.स. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडण्याचे पाऊल उचलले. त्यावर, पूर्वी पॉलिकार्प व रोमचा बिशप अनिसेटस यांचे याच प्रश्नावर एकमत झाले नसतानाही ते सलोख्याने वेगळे झाले होते, याची आठवण इरेनियसने त्याला करून दिली.

तिसऱ्या शतकात पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा वैध आहे का, यावरून रोमचा बिशप स्टीफन व कार्थेजचा बिशप सिप्रियन यांच्यात तीव्र वाद झाला. स्टीफनने चालत आलेल्या प्रथेवर बोट ठेवले; सत्याचा आधार नसलेली प्रथा ही केवळ जुनी झालेली चूक होय, असे सिप्रियनचे म्हणणे होते. इ.स. २५६ मध्ये कार्थेज येथे जमलेल्या ८७ बिशपांनी सिप्रियनला साथ दिली. पुढे पाश्चात्त्य चर्चने मात्र स्टीफनचीच बाजू स्वीकारली. इ.स. ४३४ मध्ये लेरिन्सचा व्हिन्सेंट याने सर्वत्र, सर्वकाळ व सर्वांनी मानलेले ते ग्राह्य, असा निकष मांडला. वर दिलेल्या दोन्ही वादांना तो लावून पाहिल्यास त्याची मर्यादा लगेच दिसते.

ग्रंथ सोपवणारे

इ.स. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. ज्यांनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले त्यांना 'त्रादितोरेस', म्हणजे 'हवाली करणारे', म्हणू लागले. हा शब्द 'त्रादितिओ' याच मुळापासून आला आहे. अशा व्यक्तीने दिलेली दीक्षा ग्राह्य धरावी का, या प्रश्नावरून उत्तर आफ्रिकेत डोनॅटिस्ट फूट पडली व ती शतकाहून अधिक काळ टिकली.

उपासनेतील परंपरा

इ.स. ३७५ च्या सुमारास कैसरियाचा बिशप बेसिल याने 'पवित्र आत्म्याविषयी' या ग्रंथात पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करणे, क्रुसाची खूण करणे अशा अलिखित प्रथांची नोंद केली. 'सोपवणे' हा मूळ अर्थ सर्वांत स्पष्टपणे टिकला तो बाप्तिस्म्याच्या तयारीत. ईस्टरपूर्वी उमेदवारांना श्रद्धांगीकार तोंडी सांगितला जाई. या विधीचे नावच 'श्रद्धांगीकार सोपवणे' असे होते. तो लिहून न घेता पाठ करावा, असे ऑगस्टीन आपल्या प्रवचनांत बजावतो. नंतर ठरलेल्या दिवशी उमेदवार तो म्हणून दाखवीत. त्या विधीला 'परत देणे' असे नाव होते.