मीठ आणि मन

कोकणातलं मीठ पूर्वी बैलांच्या पाठीवरून घाट चढून सातारा-सांगलीकडे येई. समुद्राचंच मीठ ते, तेव्हा त्यात आयोडीन भरपूर असणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. साध्या समुद्री मिठात आयोडीन नाममात्रच उतरतं. शिवाय डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन पावसानं धुऊन जातं. मग धान्यात तरी ते कुठून येणार?

१८११ साली कुर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेत आयोडीन सापडलं. १८९५ मध्ये जर्मनीच्या बाउमान यांना ते गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत आढळलं. ते कमी पडलं की गलगंड होतो, हे डोळ्यांना दिसतं. न दिसणारं नुकसान मात्र याहून मोठं. माणूस मंदावतो, उदास होतो. आणि गरोदरपणी आईला ते फारच कमी पडलं, तर बाळाची बुद्धी जन्मभर खुंटते.

१९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी यांनी हिमालयातील कांगडा खोऱ्यात लोकांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं. गलगंड घटले. १९६२ मध्ये देशभरासाठी सरकारी कार्यक्रम सुरू झाला.

सत्तर वर्षांच्या आयुष्याला हे द्रव्य सारं मिळून चार ग्रॅमसुद्धा लागत नाही; पण ते रोज कणाकणानं मिळावं लागतं. प्रत्येक मंदपणाचं मूळ मिठात नसतं, हे खरं. तरीही एखाद्या पोराला ‘मठ्ठ’ म्हणण्याआधी घरातली मिठाची बरणी एकदा पाहावी, आणि ती नीट झाकून ठेवावी.