रद्द झालेला कायदा जातो कुठे? सहकार कायद्याचं कलम 166 आणि न्यायालयं

सहकाराच्या इतिहासावर काम करायचं ठरवलंत की एक वाक्य तुम्हाला सारखं भेटणार: 1925 चा मुंबई सहकारी संस्था अधिनियम रद्द झाला आणि त्याच्या जागी 1960 चा महाराष्ट्र अधिनियम आला. पाठ्यपुस्तकात विषय इथे संपतो. प्रबंधात मात्र इथूनच अडचण सुरू होते.

समजा, तुमच्या हाती एखाद्या पतपेढीचे 1938 सालचे उपविधी लागले. त्याच पतपेढीचा 1964 सालचा वसुलीचा कागदही मिळाला. मधे कायदा बदललाय. मग 1964 मध्ये ते जुने उपविधी चालू होते की नाही? 1959 साली कर्जाला जामीन राहिलेला शेतकरी सुटला की अडकलेलाच राहिला? याचं उत्तर तुम्ही अंदाजानं दिलंत, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आधी तारखांचा घोळ मिटवू. महाराष्ट्राच्या कायद्याच्या नावात 1960 आहे, त्याचा क्रमांक 1961 चा चोविसावा आहे आणि तो अंमलात आला 26 जानेवारी 1962 ला. म्हणजे 1961 मधल्या घटनेला '1960 चा कायदा' लावणं चूक आहे. तेव्हा 1925 चाच कायदा चालू होता. ही चूक छापील लेखांतही दिसते.

आता मूळ मुद्दा. इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वानुसार कायदा रद्द झाला की तो जणू कधी नव्हताच, असं धरायचं. पूर्ण होऊन गेलेले व्यवहार तेवढे सुटायचे. हे फार कडक होतं. अर्धवट राहिलेला दावा, न फिटलेलं कर्ज, न भरलेला दंड, सगळंच हवेत. म्हणून विधिमंडळांनी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम केले. केंद्राचा 1897 चा, त्यातलं कलम 6. मुंबईचा 1904 चा, त्यातलं कलम 7. (योगायोग बघा, भारतातला पहिला सहकारी पतसंस्था कायदाही 1904 चाच.) दोन्ही कलमांचा गाभा एक: कायद्याचं निरसन झालं तरी त्याखाली मिळालेले हक्क, अंगावर आलेली देणी, झालेली शिक्षा आणि चालू कारवाई यांना धक्का लागत नाही. फक्त एक अट आहे, नव्या कायद्यात वेगळा हेतू दिसता कामा नये.

ही अटच न्यायालयांना वर्षानुवर्षं पुरली आहे. जुना कायदा नुसता रद्द न होता त्याच विषयावर नवा कायदा आला, तर? नव्यात ज्याचा उल्लेख नाही ते मेलं असं म्हणायचं का? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं पंजाब राज्य विरुद्ध मोहर सिंग या खटल्यात दिलं. निकाल 1955 च्या रिपोर्टांत सापडेल. विषय सहकाराचा नव्हता. फाळणीनंतर निर्वासितांनी जमिनीचे दावे नोंदवायचे होते, एकानं 1948 च्या अध्यादेशाखाली खोटा दावा नोंदवला आणि पुढे त्या अध्यादेशाची जागा अधिनियमानं घेतली. मग शिक्षा कोणत्या कायद्याखाली? न्यायालयानं प्रश्नच उलटा केला. नवा कायदा जुने हक्क आणि दायित्वं जिवंत ठेवतो का, हे शोधायचं नाही. तो ती मारून टाकतो का, हे शोधायचं. सगळा विषय या उलट्या प्रश्नावर उभा आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण नेमका सुलटा प्रश्न विचारत बसतात.

सहकाराच्या बाबतीत तर विधिमंडळानं न्यायालयाला फार तर्क करायलाही ठेवलं नाही. महाराष्ट्र अधिनियमाचं कलम 166 काढा. शीर्षकात 'निरसन' आणि 'व्यावृत्ती' हे शब्द दिसतील. व्यावृत्ती म्हणजे रद्द करताना वाचवून ठेवलेला भाग. पहिल्या पोटकलमात 1925 चा कायदा रद्द केलाय आणि लगेच परंतुकात लांबलचक यादी आहे: नेमणुका, नोंदणीची प्रमाणपत्रं, करार, आदेश, नियम, उपविधी. हे सगळं नव्या कायद्याशी विसंगत नसेल तेवढं चालू राहील आणि नव्या कायद्याखालीच झालं असं मानलं जाईल. म्हणजे आपल्या पतपेढीचे 1938 चे उपविधी 1964 मध्ये जिवंत होते, पण सरसकट नव्हे. एकेक उपविधी नव्या कायद्याशेजारी ठेवून ताडून बघावा लागतो. किचकट काम आहे, पण प्रबंधातला खरा शोध बहुतेक वेळा तिथेच असतो.

दुसऱ्या पोटकलमात जुन्या संस्था आपोआप नव्या कायद्याखाली नोंदलेल्या मानल्यात. निबंधक, लवाद किंवा परिसमापक यांच्यापुढची चालू प्रकरणं नव्या अधिकाऱ्यांकडे गेली, आणि ती नव्या कायद्याप्रमाणे निकालात काढायची असं स्पष्ट लिहिलंय. मघाचा 'वेगळा हेतू' तो हाच. जामीनदाराचं देणं जुन्या कायद्यातून आलं आणि ते राहिलं; ते वसूल करायची वाट मात्र नवी झाली. देणं आणि वाट वेगळ्या करून वाचल्या नाहीत, तर 1962 ते 1965 च्या फायली परस्परविरोधी वाटतात. तशा त्या नसतात.

मग जुन्या कायद्यावरचे निकाल नव्यालाही तसेच लावायचे का? इथे सावध राहा. 1925 च्या कायद्यात वादाचं कलम 54 होतं, नव्यात ते 91 झालं. डेक्कन मर्चंट्स को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खटल्यात (रिपोर्ट 1969 चा) बँकेला इमारतीतल्या भाडेकरूला निबंधकामार्फत काढायचं होतं. हा संस्थेच्या 'व्यवसायाला' स्पर्श करणारा वाद आहे, असं बँकेचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं कलम 91 ची शब्दरचना बघितली: निवडणुका, सर्वसाधारण सभा, व्यवस्थापन यांचा तिथे स्वतंत्र उल्लेख आहे. म्हणजे 'व्यवसाय' या शब्दात संस्थेचा सगळा कारभार येत नाही, प्रत्यक्ष व्यापारी स्वरूपाचं काम तेवढं येतं. भाडेकरूचा वाद भाडे कायद्याच्या न्यायालयातच जायला हवा. तेव्हा संस्था तीच, वादाचं कलमही त्याच वंशातलं, तरी अर्थ ठरला तो समोरच्या शब्दांवरून.

'निरसन' आणि 'वगळणे' यांच्या फरकावरूनही बराच काळ गोंधळ होता. कोल्हापूर केनशुगर वर्क्सच्या 2000 सालच्या निकालात, केंद्रीय उत्पादन शुल्काच्या एका नियमाबद्दल बोलताना, वगळण्याला कलम 6 चं संरक्षण नाही असं म्हटलं गेलं. 2015 मध्ये फायबर बोर्ड्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वगळणं हाही निरसनाचाच प्रकार असल्याचं मान्य केलं. महाराष्ट्र अधिनियमाची कुठलीही प्रत उघडा, तळटिपांत 'वगळण्यात आले' शेकडो वेळा दिसेल. त्यामुळे 2000 ते 2015 मधली टीकापुस्तकं वाचताना हे लक्षात असू द्या.

आणि एक प्रकार असा, जो निरसन वाटतो पण नाही. 97 व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत सहकारी संस्थांचा भाग 9-ख आला. त्याला जुळवून घ्यायला महाराष्ट्रानं 2013 मध्ये आपला कायदा बदलला. जुलै 2021 मध्ये राजेंद्र शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्दबातल ठरवला, कारण राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता घेतली नव्हती. बहुराज्यीय संस्थांसाठी तो टिकला. मग 2013 च्या दुरुस्त्या गेल्या का? माझ्या वाचनात, नाही. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे, विधिमंडळाला ते बदल करायचा स्वतःचा अधिकार होताच. प्रेरणा गेली म्हणून कायदा जात नाही. तो काढायला विधिमंडळच लागतं. यावर वाद घालता येईल, आणि कुणाला विषय शोधायचा असेल तर इथे जागा आहे.

सुरुवात करायला एकच संस्था निवडा. 1905 मध्ये नोंदलेली गदगजवळच्या कणगिनहाळची पतसंस्था घ्या: नोंदणी 1904 च्या कायद्याखाली, मग 1912 चा, मग मुंबईचा 1925 चा, आणि तो भाग म्हैसूर राज्यात गेल्यावर तिथला 1959 चा. महाराष्ट्राचा कायदा तिला कधी लागलाच नाही. उलट गोव्यात मुक्तीनंतर महाराष्ट्राचाच 1960 चा कायदा लागू केला गेला, पुढे गोव्यानं 2001 चा स्वतःचा अधिनियम केला. म्हणून पणजीच्या एखाद्या संस्थेच्या दप्तरात 'महाराष्ट्र अधिनियम' दिसला तर तो लिहिणाऱ्याचा प्रमाद समजू नका. आधी 2001 च्या अधिनियमातलं निरसनाचं कलम काढून वाचा.