पुसलेली कॅसेट आणि म्यूटचं बटण



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण एकच, गिटार. पन्नाशीच्या उंबरठ्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात, मी बोटांना घट्टे पाडून घेतोय. चार कॉर्ड बऱ्या वाजतात, 'एफ' अजून वाजत नाही. तो वाजवताना घरातले उठून दुसऱ्या खोलीत जातात आणि आमचं मुलुंडचं घर दोनच खोल्यांचं असल्यामुळे फार लांब जाता येत नाही. :)

पण आजचा विषय गिटार नाही. शिकताना वाटलं, आपण काय वाजवतो ते एकदा ऐकावं. म्हणून रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, त्यातून इतिहासात शिरलो आणि तिथून जिथे पोचलो ते गेली पस्तीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आत्या, तू हे वाचत असशील तर शेवटपर्यंत वाच. मग काय ते बोल.

पहिलं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. फुकट आहे, म्हणून. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग या दोघांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात केली आणि २००० साली ते सगळ्यांसाठी खुलं केलं. उघडल्यावर समोर एक राखाडी पट्टी आणि एक लाल गोल बटण. दाबलं, वाजवलं, थांबवलं. पडद्यावर सुरवंटासारखी निळी आकृती उमटली. ऐकलं तर गिटार कमी आणि पंखा, कुकरची शिट्टी, खालचा भंगारवाला आणि मध्य रेल्वे जास्त.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पट्टीवर दुसरी गिटार चढवायला गेलो. ती सारखी मागे पडायची. मला वाटलं माझाच ताल कच्चा (तो आहेच). पण निम्मा दोष कॉम्प्युटरचा निघाला. तो आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, तांब्या भरला की ओततो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो आणि ठरलेला साठा जमला की पुढे पाठवतो. साठा २०४८ नमुन्यांचा असेल तर साधारण ४६ मिलिसेकंद तिथेच गेले. आवाज हवेतून एक मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद घेतो, म्हणजे माझीच गिटार मला पंधरा-सोळा मीटरवरून, समोरच्या बिल्डिंगमधून ऐकू आल्यासारखी. साठा लहान केला तर उशीर कमी होतो, पण कॉम्प्युटर दमतो आणि आवाज तुटायला लागतो. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन ऑडिओ इंटरफेसची डबी आणली. भाचीच्या सल्ल्याने रीपर नावाचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. ते जस्टिन फ्रँकेलचं. आठवतंय का नाव? १९९७ साली ज्याने विनॅम्प काढलं तोच हा. आपल्यापैकी किती जणांनी त्याच्यावर गाणी ऐकत रात्री काढल्या असतील!

खोलीचंही कळलं. उघड्या भिंतींवरून आवाज परत येतो, म्हणून माझ्यामागे दोरी बांधून त्यावर आईच्या दोन गोधड्या टाकल्या. बाहेरचा आवाज त्याने थांबत नाही, पण खोलीची घुमी जाते. बाहेरच्यासाठी उपाय एकच. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आधी रेकॉर्ड करायचं. सोसायटीत आता मला लोक जरा वेगळ्या नजरेने बघतात.

असो. आता इतिहास.

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज मेणाच्या तबकडीवर घेतला. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. त्यात मिरवणं नव्हतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. चुकलं तर मेण वाया, पुन्हा पहिल्यापासून.

ही 'पुन्हा पहिल्यापासून'ची पद्धत किती वर्षं टिकली पाहा. मुंबईत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये हिंदी गाणी व्हायची तेव्हा गायक, पन्नास-साठ वादक, सगळे एकत्र वाजवायचे. व्हायोलिनच्या रांगांत गोव्याची पुष्कळ माणसं. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा हे त्यातले मोठे. 'अमर अकबर अँथनी'मधल्या (१९७७) नायकाच्या गाण्यातलं नाव प्यारेलाल यांच्या याच व्हायोलिनच्या गुरूचं. शेवटच्या ओळीला मागच्या रांगेत एकाचा गज चुकला की सगळ्यांनी परत पहिल्यापासून वाजवायचं. चूक कोणाची ते सगळ्यांना कळायचं. 'हरे राम हरे कृष्ण'मधली (१९७१) ती प्रसिद्ध गिटार भूपिंदर सिंग यांची, हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं त्यांना फक्त गझलवाले समजत होतो.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणजे लेस पॉल. हाही गिटारवाला. अमेरिकेत आपल्या गॅरेजमध्ये एका तबकडीवर एक गिटार, ती वाजवत दुसऱ्या तबकडीवर दुसरी, असं करत त्याने १९४८ साली एका गाण्यात स्वतःच्याच आठ गिटारी चढवल्या. पुढे बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचं टेपयंत्र दिलं. टेपयंत्रात पुसणारं हेड आधी आणि लिहिणारं हेड नंतर असतं. लेस पॉलने पुसणाऱ्याच्याही आधी वाचणारं एक हेड बसवलं. जुना आवाज वाचायचा, त्यात नवा मिसळायचा, तोवर जुना पुसला जातो आणि दोघांचं मिश्रण त्याच जागी लिहिलं जातं. युक्ती अचाट, पण जीवघेणी. सहाव्या वेळी बोट चुकलं तर आधीचे पाचही थर गेले. १९५७ मध्ये अँपेक्सने त्याला आठ ट्रॅकचं यंत्र बनवून दिलं. प्रत्येक ट्रॅक वेगळा. एकावर चुकलं तर बाकीचे सात शाबूत.

माझ्या मते रेकॉर्डिंगच्या इतिहासातला मोठा टप्पा हाच. नवीन लिहिण्यासाठी जुनं पुसायची गरज संपली. तासकॅमने १९७९ मध्ये चार ट्रॅकचं पोर्टास्टुडिओ साध्या कॅसेटवर आणलं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ चा 'नेब्रास्का' आल्बम घरी बसून त्याच्यावर रेकॉर्ड केला. त्याच वर्षी मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या वाद्यवृंदातल्या गिटारवादकाने एकट्याने तीन रोलंड यंत्रं जोडून दहा रागांची डिस्को तबकडी केली. तेव्हा ती फारशी कोणी विचारली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं, कारण शिकागोत पाच वर्षांनी जे 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून गाजलं तसलंच काहीसं हे होतं. २०१५ मध्ये ते गेले. १९९० नंतर ट्रॅक वाढले, कॉम्प्युटर आले, पन्नास माणसांचं काम एकाच्या कीबोर्डवर आलं आणि अंधेरी-ओशिवऱ्यात बिल्डिंगमधल्या फ्लॅटात स्टुडिओ उघडले. व्हायोलिनच्या रांगा घरी बसल्या. फायदा माझ्यासारख्यांचा झाला, पण फुकट नाही झाला.

आता ते सांगायचं राहिलेलं.

आमच्याकडे टू-इन-वन होता. मे १९८४ मध्ये बाबांनी तो राजापूरजवळ आमच्या गावी नेला आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. जातं फिरतंय, आजी म्हणतेय, मध्ये कोंबडं. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. वर बाबांच्या अक्षरात 'आई – ओव्या – मे १९८४'. आणि कोणी चुकून पुसू नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या मोडून टाकल्या होत्या. जुन्या मंडळींना आठवत असेल, टिकली मोडली की रेकॉर्डचं बटण दबतच नाही.

१९८९ साली मी तेरा वर्षांचा होतो. रेडिओवर गाणी लागणार होती, कोरी कॅसेट नव्हती, दुकानात जायला पैसे नव्हते. टिकलीच्या भोकावर सेलोटेप लावला की बटण दबतं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मी सेलोटेप लावला. 'एकच बाजू घेऊ' असं ठरवलं होतं. दोन्ही घेतल्या.

आजी १९९२ मध्ये गेली. तेराव्याला आत्या म्हणाली, "दादा, ती कॅसेट लाव ना." बाबा म्हणाले, "मशीन बिघडलंय." मला वाटलं, वाचलो. मशीन खरंच बिघडलं असेल असंही वाटून घेतलं.

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. लेबल तेच. माझा सेलोटेप मात्र दोन्ही बाजूंनी काढलेला होता, चिकट डाग तेवढा राहिला होता. म्हणजे त्यांनी लावून ऐकली होती. कधी, ते माहीत नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी सेलोटेप काढला आणि माझी ती सिनेमाची गाणी कोणी पुसू नयेत अशी करून ठेवली. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणून मंडळी, मी हे सॉफ्टवेअर शिकलो. निम्मं गिटारसाठी, निम्मं यासाठी. कॅसेट इंटरफेसमधून आत घेतली. आवाज वाढवून, खालचे-वरचे सूर गाळून, दोन गाण्यांमधल्या फटी कान लावून ऐकल्या. काही नाही. पुसणारं हेड आपलं काम चोख करतं.

मग आईकडे गेलो. आई सत्त्याहत्तर वर्षांची. लग्नानंतर चार वर्षं ती गावी सासूबरोबर त्याच जात्याला बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने पुष्कळ वेळ दोरीवरच्या गोधडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं रे. ह्यांनी सांगितलं होतं." नंतर म्हणाली, "लाव तुझं ते." रात्री एक वाजता, स्वयंपाकघरातला फ्रिज बंद करून, तिने आठवतील तशा एकवीस ओव्या म्हटल्या. सासूच्या कुठल्या आणि माहेरच्या कुठल्या, ते प्रत्येकीआधी सांगितलं. गौहर जानसारखंच, पण हॅनोव्हरसाठी नाही. आमच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मला शहाणपण सुचलं. खाली गिटार घालावी. मेट्रोनोम लावला तर ओवी त्यात बसेना. ती घड्याळावर चालत नाही, हाताच्या ओढीवर चालते, दाणे जड असले की सावकाश. दोन मोकळ्या तारा तेवढ्या वाजवत ठेवल्या. आईला ऐकवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे टिंगटिंग मध्ये कशाला?"

मी गिटारच्या ट्रॅकवरचं म्यूटचं बटण दाबलं. गिटार गेली, आई राहिली. आईचा ट्रॅक जसा होता तसा होता. पुसावं काहीच लागलं नाही. गिटारही आहेच, 'एफ' नीट वाजायला लागला की पुन्हा बघू.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ध्वनिमुद्रितही आहेत आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. रोज थोड्या ऐकतोय. आजीची एखादी ओवी दुसऱ्या कोणाच्या तोंडून भेटेल म्हणून. आई शेजारी बसते आणि मध्येच म्हणते, "ही आमच्याकडे अशी नव्हती." लगेच रेकॉर्ड करतो. एकवीसच्या आता सव्वीस झाल्या आहेत.

आत्या, तुलाही काही येत असतीलच. येत्या रविवारी बोरिवलीला येतो. माइक घेऊन येईन. आधी रागाव, मग म्हण.

कळावे, लोभ असावा.