चुना, तराजू आणि मूलद्रव्य

रसायनशास्त्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा कणादापासून सुरू होतो. सभा विज्ञानदिनाची असो वा संस्कृतिगौरवाची, वक्ता ठरलेले वाक्य उच्चारतो : अणूचा शोध आमच्या ऋषींनी डाल्टनच्या कितीतरी शतके आधी लावला. टाळ्या पडतात आणि त्या गजरात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. कल्पना इतकी जुनी असेल, तर तिचे शास्त्र या भूमीत का झाले नाही?

मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. माझे आजोबा कातडी कमावत. शाळेत असताना गुरुजींनी रासायनिक बदलाचे उदाहरण विचारले, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "कातड्याचं चामडं होतं, तो." वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "काहीतरी स्वच्छ सांग." मी दुधाचे दही सांगितले आणि खाली बसलो. त्या दिवशी मी जे गिळले, ते आज शास्त्राच्या भाषेत मांडतो आहे.

ओले कातडे वाळवले तर ते कडक होते. पुन्हा भिजवले की पुन्हा कातडेच, आणि ते कुजते. हा भौतिक बदल. पण तेच कातडे चुन्याच्या पाण्यात काही दिवस ठेवले, केस सैल करून काढले आणि मग बाभळीची साल व हिरडे यांच्या पाण्यात मुरवले, की सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाशी बांधले जाते. आता ते भिजवले तरी सहसा कुजत नाही. पदार्थच बदलला. आजोबा अंगठ्याने केस ओढून चुना पुरेसा झाला की नाही ते पाहत. शेवटी कडेचा तुकडा कापून आतला रंग बघत. मधोमध पांढरी रेघ दिसली, तर "अजून कच्चं आहे" म्हणत. अंदाज, कसोटी, निष्कर्ष हे सगळे त्यात होते. फक्त त्याला प्रयोग म्हणणारे कोणी नव्हते.

आता या चुन्याचीच गोष्ट घ्या. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि त्याचे वजन घटते, हे भट्टीवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. घटलेले वजन जाते कुठे, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने तराजू घेऊन शोधले. 1756 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने दाखवले की, निघून जाणारी वस्तू म्हणजे एक वायू आहे आणि तो वायू चुन्याला परत दिला की वजनही परत येते. आजच्या हिशोबात शुद्ध चुनखडीच्या 100 ग्रॅममधून 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो आणि 56 ग्रॅम चुना उरतो. काहीही नाहीसे होत नाही.

पुढे लाव्हाझियेने हाच नियम रसायनशास्त्राचा पाया केला. 1789 च्या ग्रंथात त्याने 33 मूलद्रव्यांची यादी दिली. मूलद्रव्य म्हणजे काय? आजवरच्या साधनांनी ज्याचे आणखी विघटन करता आले नाही, ते. या व्याख्येतले 'आजवर' महत्त्वाचे. तिच्यात अंतिम सत्याचा दावा नाही, खोटे ठरण्याची तयारी आहे. त्या यादीत चुनाही मूलद्रव्य म्हणून होता! 1808 साली लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलाने, हम्फ्री डेव्हीने, विजेच्या साहाय्याने चुन्यातून कॅल्शियम वेगळे केले आणि चुना यादीतून गेला. धर्म बुडाला नाही. शास्त्र पुढे गेले.

त्याच 1808 मध्ये डाल्टनचा ग्रंथ आला. डाल्टन विणकराचा मुलगा. क्वेकर पंथाचा असल्याने ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्याला बंद होती. इंग्लंडही समतेचा स्वर्ग नव्हता. परंतु विणकराच्या मुलाने अणूविषयी बोलणे हे तेथे पाप ठरले नाही. डाल्टनने अणूला वजन दिले. हायड्रोजन 1 धरून त्याने ऑक्सिजन 7 सांगितला. आज आपण 16 मानतो. त्याचा आकडा चुकला, पण तो आकडा होता, म्हणूनच दुरुस्त करता आला. कणादाच्या अणूला असा आकडा नव्हता. बुद्धाच्या काळात अजित केसकंबलीने चार महाभूतांपलीकडे काही नाही असे ठणकावले, पकुध कच्चायनाने सात तत्त्वे मांडली. विचारांचे धाडस येथे होते. तो विचार भट्टीपाशी मात्र पोचला नाही.

का पोचला नाही, याचे उत्तर आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (पहिला खंड 1902, दुसरा 1909) दिले आहे. जातिव्यवस्था कठोर झाली, हातांची कामे खालच्या जातींकडे ढकलली गेली, बुद्धिजीवी वर्ग त्यांपासून दूर झाला आणि 'कसे' व 'का' हे प्रश्नच मावळले, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. स्वतः प्रयोगशाळेत आयुष्य वेचलेल्या माणसाची ही साक्ष आहे. गौरवाच्या सभांत राय यांचे नाव घेतले जाते, हे प्रकरण वगळले जाते.

तरीही राय यांच्यापुढे एक पाऊल टाकणे भाग आहे. मेंदू हातापासून दूर गेला, असे ते सुचवतात. पण हाताला स्वतःचा मेंदू नव्हता काय? पांढरी रेघ पाहणारी नजर विचार करीत नव्हती काय? उणीव बुद्धीची नव्हती. अक्षर नव्हते, जे पाहिले ते लिहून दुसऱ्यापुढे तपासायला ठेवण्याचा अधिकार नव्हता. लाव्हाझियेचे अचूक तराजू फोर्तँ आणि मेन्ये या कारागिरांनी घडवले; कारागीर आणि शास्त्रज्ञ तेथे एकाच मेजापाशी उभे राहिले. येथे चांभाराने शिवलेली चप्पल चालली, चांभार चालला नाही. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 साली सांगितले. त्या विभागणीची किंमत माणसांनी मोजली, तशी शास्त्रानेही मोजली.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे : पुढच्या वेळी फळ्यावर 'रासायनिक बदल' लिहाल, तेव्हा दही आणि गंज यांच्या शेजारी चामडे लिहा, भट्टीतला चुना लिहा. कणादाला त्याचे श्रेय जरूर द्या, परंतु ज्यांच्या हातांवर चुन्याने चट्टे पडले त्यांचेही देणे द्या. आणि एखादा मुलगा उभा राहून आपल्या आजोबांचे काम सांगू लागला, तर त्याला विचारा, "मग पुढे काय होतं?" शास्त्राची सुरुवात त्याच प्रश्नाने होते.